वसुमती अक्काचं टपाल

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला फार भला माणूस समजायला नको. भूमिकाविरुद्धची पहिली लेखी तक्रार मी केली होती. मी बसवंत, मूळचा चिक्कोडीचा, राजाजीनगरातल्या एका खासगी शाळेत अकरा वर्षं गणित शिकवतोय. राग माझ्या नाकावर असतो आणि नाकही चांगलं मोठं आहे. त्या जूनमध्ये एका बाईंच्या रजेमुळं चौथीचा वर्ग पंधरा दिवस माझ्या गळ्यात पडला, आणि तेवढ्यात या मुलीनं मला नको नको केलं. फळ्यावर गुणाकार निम्मा होईपर्यंत ती खिडकीत, उरलेला होईपर्यंत दाराशी. चौथ्या दिवशी शेजारच्या मुलाची पाण्याची बाटली तिनं भिरकावली आणि काच फुटली. मी मुख्याध्यापिका चंदना मॅडमना लिहून दिलं की ही मुलगी वर्गात असेल तर मी शिकवू शकत नाही. खाली तारीख घालून सही केली. तो कागद फाईलला लागला आणि त्याच्यामागून आणखी चार शिक्षकांचे लागले.

भूमिकाची आई रम्या तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. रिपोर्ट आला, एडीएचडी. लक्ष ठरत नाही, अंग ठरत नाही, मनात आलं की हात आधी पुढं जातो, असं त्या चार इंग्रजी अक्षरांत बसवलेलं होतं. गोळी सुरू झाली. आणि भूमिकाचे रोजचे दोन तास खाली जिन्याजवळच्या खोलीत, वसुमती अक्काकडे लावण्यात आले. ही सगळी हकिगत खरं म्हणजे अक्काची आहे.

ती खोली पूर्वी खेळाचं सामान ठेवायची होती. अजून तिथं रबरी चेंडूंचा वास येतो. अक्कानं तिथल्या प्रत्येक खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना सायकलची जुनी ट्यूब ताणून बांधली आहे. मुलं बसल्या बसल्या तिला पायानं धक्के मारत राहतात आणि वरचं डोकं मोकळं होऊन वाचतं. भिंतीवर दिवसाचं वेळापत्रक आहे, पण चित्रांचं. एक धडा ती सहा तुकड्यांत देते, प्रत्येक तुकड्याला वाळूचं घड्याळ उलटं करते, आणि तुकडा संपला की शाबासकी तिथल्या तिथं देते, उद्यावर ठेवत नाही. आम्ही वरचे शिक्षक या सगळ्याला लाड म्हणायचो. गोळी चालू आहे ना, मग एवढं कशाला, असं मी एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, चष्मा लावला म्हणून कुणाला आपोआप वाचता येतं का मास्तर, शिकवायला लागतंच की.

अक्काचं घराणं पावणेचारशे वर्षांपासून बेंगळुरात आहे. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आलो, असं ती सांगते. पुरावा काय म्हणून मी छेडलं तर म्हणाली, मी आहे की इथं उभी. उभीच असते ती. पंचावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतात, पण बसलेली कुणी पाहिलेली नाही. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा डबा हातात घेऊन फेऱ्या मारते. लहानपणी तिच्याही पायाला अशीच भिंगरी होती. चौथीत असताना गुरुजींनी तिच्याच वेणीची रिबीन सोडून तिचा पाय बाकाला बांधला होता. तिचे वडील उमाजी लॉरींवर फुलं आणि नावं रंगवायचे. ते न्यायला आले, पाय बांधलेला बघितला, गाठ सोडली आणि पोरीला घेऊन गेले ते कायमचे. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्यामागून रंगाचे डबे उचलत फिरायला लागली. ही गोष्ट ती हसत सांगते. मला मात्र ऐकताना हसता आलं नाही, कारण रिबीन मी कधी वापरली नव्हती एवढाच काय तो फरक.

पुढं लग्न, मग शिवणकाम, मग आमच्याच शाळेत बालवर्गाची आया. एकदा कुणी डॉक्टर शिक्षकांना अशा मुलांविषयी सांगायला आले होते. अक्का चहाचा ट्रे घेऊन आत आली, दोन वाक्यं ऐकली, ट्रे जमिनीवर ठेवला आणि भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिली. शिक्षकांचा चहा गार झाला. त्या तासाभरात तिला कळलं की चाळीस वर्षं लोक जिला तुंट म्हणाले, म्हणजे द्वाड, ती पोर द्वाड नव्हती. मग बाहेरून दहावी, बाहेरून बारावी, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी स्पेशल एज्युकेशनचा डिप्लोमा. हे सगळं ती डबा धुता धुता सांगते, जणू कोपऱ्यावर जाऊन दूध आणलं.

आता टपालाचं सांगतो. जुलैमधल्या एका सकाळी मी दुसऱ्या मजल्यावर सातवीला अपूर्णांक शिकवत होतो. दारात भूमिका. माझ्या अंगावर काटाच आला. पण ती धावत आली नव्हती. एक खाकी पाकीट तिनं दोन्ही हातांनी छातीशी आडवं धरलं होतं. म्हणाली, "अक्कानं अर्जंट दिलंय." मी कागद उघडला. अक्षरं कानडी होती, म्हणून मी कानडीच समजून वाचायला लागलो, आणि काही केल्या अर्थ लागेना. पुटपुटून बघितलं तेव्हा कळलं, ही तर मराठी. लिहिलं होतं: मास्तर, ही उठली. दोन मिनटं थांबवा. पाणी द्या. मग पाठवा.

इथल्या जुन्या मराठी घरांत हे असंच चालतं. भाषा तोंडात टिकली, लिपी मात्र गावाची घेतली. किराण्याची यादी, देवाची आरती, लग्नाची याद, सगळी मराठी कानडी अक्षरांत. अक्काला हिंदीपुरती देवनागरी येते, पण तिच्यात लिहिलेली मराठी तिला परक्या माणसाची वाटते. आमच्या शाळेत कानडी शिक्षक तिचं लिहिलेलं वाचू शकत, पण समजत नसे. पुण्याहून आलेल्या हिंदीच्या बाईंना समजलं असतं, पण वाचता येत नसे. दोन्ही जमणारा चिक्कोडीचा मी एकटा. म्हणून टपाल माझ्याकडे.

खाली जाऊन मी तिला खडसावलं, हा काय पोरखेळ. ती म्हणाली, "मास्तर, तिला हलायला लागतं. मी फिर म्हटलं तर ती वेडी ठरते. टपाल पोचव म्हटलं तर कामाची ठरते. शेहेचाळीस पायऱ्या वर, शेहेचाळीस खाली. येऊन बसते बघा." पळालं की पत्र चुरगळतं म्हणून पळायचं नाही, आणि टपालवाल्यानं पत्र वाचायचं नसतं, असे दोन नियम तिनं पोरीला घालून दिले होते. माझा विश्वास बसला नाही, पण मी पाणी द्यायला लागलो.

आणि ती बसायला लागली. आधी तीन मिनटं, मग पाच. मला हे कळायचं ते अक्काच्या पत्रांतून, कारण पत्रं हळूहळू लांबली. रोज दोन-तीन. पाणी द्या, पाठवा, हे असायचंच. खाली आणखी काहीबाही. आज उप्पिट्टु खारट होतं. आज हिनं रागानं मला शिंग दाखवलं, तुमच्यासारखं. मोठ्या बाई आज तव्यासारख्या तापल्यात, खाली येऊ नका. मीही उत्तरं लिहायला लागलो. घरी मी एकटाच राहतो. सबंध दिवसात मराठीत माझ्याशी बोलणारी तेवढी ती पत्रंच होती. मी ती टाकली नाहीत. टेबलाच्या खणात रबर लावून ठेवत गेलो.

डिसेंबरात चंदना मॅडमनी मुदत घातली. पालकांची ओरड होती. कायद्यानं मुलीला काढता येत नाही, पण दुसरी शाळा बघा असं सुचवता येतं, आणि ते कसं सुचवायचं हे शाळांना चांगलं ठाऊक असतं. वार्षिक परीक्षेआधी भूमिकानं मॅडमसमोर बसून एक पान कानडी वाचून दाखवायचं. नाहीतर मार्चनंतर तिची जागा ठेवणार नाही. अक्का रोज तिच्याकडून अक्षरं घटवून घेत होती, वाळूत, पाठीवर बोटानं, पायऱ्यांवर खडूनं. पण पुस्तकाचं पान पुढं आलं की पोरीचं घोडं अडायचं. दोन शब्द झाले की नजर पंख्यावर.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी ती नेहमीपेक्षा उशिरा आली. पाकीट छातीशी नव्हतं, एका हातात लोंबत होतं. तेच ते पाकीट जुलैपासून फिरत होतं. त्याचा डिंक कधीच गेला होता, झाकण नुसतं आत खोचलेलं असायचं. मी पाणी पुढं केलं. तिनं घेतलं नाही. विचारलं, "सर, दुसरी शाळा कुठली?"

मला काही कळेना. कागद उघडला. त्यावर होतं: मोठ्या बाईनं सोमवारी रम्याला बोलावलंय. वाचून नाही दाखवलं तर दुसरी शाळा बघा म्हणणार. पोरीला कळू देऊ नका. मला काल झोप नाही.

मी वर्ग तसाच सोडून तिला घेऊन खाली गेलो. आम्ही दोघं किती मूर्ख! कुणाला वाचता येणार नाही म्हणून सात महिने बिनघोर लिहीत बसलो, आणि जिच्या हातात पत्र देत होतो तिच्या घरची भाषा हीच मराठी, आणि अक्षरं तिला अक्कानंच शिकवलेली. त्या सबंध इमारतीत आमच्याखेरीज ती पत्रं वाचू शकेल असं एकच माणूस होतं, आणि नेमकं तेच आमचं टपाल नेत होतं.

भूमिका टेबलाखाली जाऊन बसली. अक्कानं माझ्या हातातला कागद बघितला आणि ती खुर्चीत बसली. मी तिला पहिल्यांदाच बसलेली बघत होतो. टेबलाखालून आवाज आला, "तू सगळ्या पत्रांत माझंच लिहीत होतीस. शाळेचं काम नव्हतंच." अक्का रडायला लागली. मीही तिथं कुठं बघावं ते न कळून वाळूचं घड्याळ उलटसुलट करत राहिलो. मग अक्कानं डोळे पुसले आणि हळूच मला विचारलं, "मास्तर, तिनं सगळं वाचलं? चारही ओळी? एकटीनं?"

तोवर मला हे सुचलंच नव्हतं. जिला दोन शब्दांपुढं वाचता येत नाही असं फाईलला लिहिलं होतं, तिनं जिन्यात उभं राहून अख्खी चिठ्ठी वाचली होती.

पण याचा आनंद करायची ती वेळ नव्हती. अक्का गुडघे धरून खाली फरशीवर बसली, टेबलाखाली डोकं घातलं आणि म्हणाली, "माझं चुकलं, पुट्टी. तुझ्याबद्दल तुझ्यापाठी लिहायला नको होतं." मग मला म्हणाली, वरची सगळी पत्रं आणा. मी चपापलो. त्यांत काय काय होतं, मला ठाऊक होतं. शिंग होतं, तवा होता, भूमिका आज माकडाच्या वरताण आहे हेही होतं. मी तसं सुचवलं तर अक्का म्हणाली, "आणा. तिचीच आहेत."

शुक्रवारची उरलेली दुपार आणि शनिवारची सबंध सकाळ ती पोर पत्रं वाचत होती. टेबलाखालीच, पोटावर पडून, एक पाय टेबलाच्या पायावर आपटत. घड्याळ कुणी उलटलं नाही. अडलं की कागद वर करून शब्दावर बोट ठेवायची, अक्का सांगायची. शिंगाशी ती हसली. माकडाशी रागावली आणि तो कागद फाडून टाकला; अक्कानं तुकडे गोळा केले. ऑक्टोबरातल्या एका पत्राशी ती बराच वेळ थांबली. त्यात होतं: आज ही सात मिनटं बसली. काम काही नाही. मला कुणाला तरी सांगायचं होतं म्हणून वर पाठवते.

ते पत्र तिनं घडी करून खिशात घातलं. आणखी एक कुठलं तरी घातलं, ते आम्हांला दिसलं नाही.

सोमवारी मॅडमच्या खोलीत रम्या होती, अक्का होती, आणि न बोलावता गेलेला मी होतो. मॅडमनी पाठ्यपुस्तकाचं पान उघडून पुढं सरकवलं. भूमिकानं पहिला शब्द वाचला, दुसरा वाचला, आणि नजर पंख्यावर गेली. मॅडमचं पेन टकटक करत होतं, बाहेर कुणीतरी घंटेची दोरी सोडवत होतं, आणि पोर ते सगळं ऐकत होती. रम्यानं पदर तोंडाशी धरला. अक्का म्हणाली, तिच्या आवडीचं काही वाचू द्या मॅडम, अक्षरं तीच आहेत. मॅडमनी खांदे उडवले. भूमिकानं खिशातून घडी काढली, उलगडली आणि खणखणीत आवाजात वाचलं, "मोठ्या बाई आज तव्यासारख्या तापल्यात. खाली येऊ नका."

अक्कानं डोळे मिटून घेतले. मॅडम कानडीच्या. त्यांनी कागद ओढून घेतला, ओळीवरून बोट फिरवलं. पोरीनं एकही अक्षर चुकवलेलं नव्हतं, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होतं. कळत मात्र काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, अर्थ काय याचा?

मी खोटं बोलू शकलो असतो. पण त्या खोलीत माझ्या सहीचा एक कागद फाईलमध्ये पडलेला होता, आणि मला त्याची लाज वाटत होती. मी शब्दाला शब्द सांगितला. तवाही सांगितला. आणि त्याच दमात म्हणालो, "मॅडम, जूनमधली तक्रार माझी होती. ती मी परत घेतो. मुलीला वाचता येतं. आम्हांला तिच्याजोगं लिहिता येत नव्हतं."

मॅडमनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, सगळे बाहेर थांबा, मला विश्वस्तांशी बोलायचंय.

निर्णय काय लागला ते आत्ताच सांगून टाकतो, ताणून धरणं मला जमत नाही. भूमिका आता पाचवीत आहे, आमच्याच शाळेत. परीक्षेला तिला जास्तीचा वेळ आणि वेगळी खोली मिळते, आणि चंदना मॅडम अधूनमधून अक्काला विचारतात, आज मी गरम आहे की कशी. पण हे त्या सकाळी आम्हांला ठाऊक नव्हतं. मी सातवीवर परत गेलो. खाली व्हरांड्यात रम्या आणि भूमिका बाकावर, आणि अक्का या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होती, असं मला नंतर रम्यानं सांगितलं.

वीस मिनटांनी वर्गाच्या दारात कुणीतरी आलं. बघतो तर अक्का. धाप लागलेली. दुखऱ्या गुडघ्यांनी शेहेचाळीस पायऱ्या चढून आली होती. हातात ते खाकी पाकीट. म्हणाली, "भूमिकानं दिलंय. अर्जंट आहे म्हणे. मी वाचलं नाही."

मी उघडलं. वहीचं फाडलेलं पान, वाकडीतिकडी कानडी अक्षरं. मास्तर, अक्का उठली. दोन मिनटं थांबवा. पाणी द्या. मग पाठवा.

पाण्याची बाटली मी तिच्या हातात दिली आणि कागद पुढं धरला. तिनं तो उभ्या उभ्या वाचला. मग पुन्हा वाचला. सातवीच्या पोरांनी पहिल्या बाकावर जागा करून दिली आणि अक्का त्यांच्यात बसली, सगळं पाणी प्याली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पुरती दोन मिनटं बसून राहिली. मी पानाच्या मागं लिहिलं, पोचलं, आणि खाली सही केली.

अक्का उठली. पाकीट तिनं दोन्ही हातांनी छातीशी आडवं धरलं आणि चुरगळू नये म्हणून एकेक पायरी बघत सावकाश खाली गेली.